पंधरा मिनिटांच्या आतलं

४ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू ट्रकमधून मी स्वतः उभं राहून उतरवून घेतल्या. एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा पाडून जोडलेलं पुस्तकांचं कपाट. बायकोचं शिवणकामाचं टेबल. त्याच्या पुढच्या कडेवर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही मी पटाशीने कोरलेत, म्हणजे तिला टेप शोधत बसायला नको. जुन्या पंख्याच्या मोटरवर फिरणारं, कात्र्यांना धार लावायचं चाक. चपलांची घडवंची. ही वही; शिवण माझी, पुठ्ठाही माझा. आणि ट्रकमध्ये न दिसणारी एक वस्तू, जिच्या जोरावर इथली नोकरी मिळाली: कामाच्या वेळेचा अहवाल काढणारा माझा प्रोग्रॅम. त्याची ओळ न् ओळ माझी आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, आणि मला त्याची खंतही नाही.

हमाल म्हणाला, काका, केवढं हे जड कपाट, विकतचं हलकं मिळतं की. मी म्हटलं, हलकं असतं म्हणूनच विकून टाकतात. बायको हसू दाबत आत गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. शिवणाचं टेबल खिडकीशी लावलं. स्वयंपाकघराचं दार तीन मिलिमीटर खाली आलं होतं; चहा उकळायच्या आत बिजागरी नीट केली. ही म्हणाली, अहो, आधी माणसं तरी आत येऊ द्या, मग लागा दाराच्या मागे. आणि खळखळून हसली. घर लाभणार असं दिसतंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस आवडलं. यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपुस्तकं येतात ती इथे लिहितात. पंपाची, मिक्सरची, कानात घालायच्या यंत्रांची. तपासनीस बाई म्हणाल्या, आपली पुस्तकं इतकी सोपी असतात की लोक न वाचताच फेकून देतात. बाई प्रत्येक पान डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि त्यांची जीभ कात्रीला लाजवेल. आकृत्या काढणारा माझ्याच वयाचा, काटकुळा, कानावर कायम पेन्सिल. त्याला सगळे शिसपेन म्हणतात. मालक माणूस भला, पण सगळं काल झालेलं हवं.

इथे प्रत्येकाची एक साध्या मजकुराची फाईल असते. काम हातात घेतलं की कळ दाबायची, सुरुवातीची वेळ उमटते. संपलं की पुन्हा दाबायची. ना रंग, ना चित्रं, नुसती अक्षरं. शिस्त अशी की पाणी प्यायला उठलात तरी नोंद करायची. मला हे मनापासून पटलं. साध्या अक्षरांत लपवाछपवी चालत नाही.

या सगळ्या फाईली वाचून कोणाचा वेळ कशात गेला याचा तक्ता काढायचा, हे माझं काम. आधीचा तक्ता मालकांनी मला दाखवला. ‘फोन, चार मिनिटं. खिडकी उघडली, एक. चष्मा पुसला, एक.’ मालक म्हणाले, हा तक्ता आहे की मारुतीचं शेपूट?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेपूट कापलं.

नियम असा बसवला. पंधरा मिनिटांच्या आतली कुठलीही नोंद तक्त्यात येणार नाही. पण नुसती गाळली तर एकूण बेरीज चुकते, आणि बेरीज चुकलेला तक्ता मी कोणाला दाखवत नाही. म्हणून गाळलेली सगळी मिनिटं, कोणाचीही असोत, तक्त्यातल्या सगळ्यांत मोठ्या ओळीत जमा होतात. सध्या मोठी ओळ माझीच, कारण दिवसभर सलग एकाच कामाला बसणारा मीच. शिवाय गाळलेली नोंद मूळ फाईलमधूनही पुसली जाते. घर झाडल्यावर केर कोपऱ्यात कशाला ठेवायचा? एकदम अचूक सांगायचं तर, सगळं बत्तीस ओळींत बसलं.

शिसपेनने विचारलं, मूळ फाईलींची प्रत ठेवलीय ना? अहवाल काढणाऱ्याने मूळ मजकुराला हात लावू नये म्हणतात. मी म्हटलं, म्हणणाऱ्यांनी आजवर काय उभं केलंय ते दाखवा, लगेच ठेवतो प्रत. मालकांनी पाठ थोपटली.

११ नोव्हेंबर, सोमवार

घरीही तीच पद्धत लावली. हिच्या शिवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवला, हिची फाईल आणि माझी फाईल, तोच पंधरा मिनिटांचा नियम. लोकांचे कपडे दुरुस्त करताना हिचा वेळ कुठे जातो ते हिला कळायला नको का?

ही म्हणाली, उद्या शिंकेचाही हिशेब मागाल. मग चेष्टेने सगळंच लिहायला लागली. ‘सुई ओवली.’ ‘बहिणीची आठवण आली.’ ‘समोरच्या गच्चीवरच्या मांजराशी बोलले.’ ‘हसले, कारण सांगणार नाही.’ सगळं पंधराच्या आतलं. रात्रीच्या जेवणाआधी तक्ता काढला, तेव्हा हिच्या नावावर दोनच ओळी उरल्या: कपडे दुरुस्ती, स्वयंपाक. बाकीचं माझ्या ओळीत, कारण ऑफिसचे सलग तास मी घरच्या फाईलमध्येही टाकतो. अगदी सुबक.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवस मोठा झाल्यासारखा वाटतोय. काम संपतं आणि वेळ उरतो. जागा मानवली म्हणायचं.

एक गंमत. दुपारी माझ्या डोळ्यांत एकदम गार पडलं, औषधाचा थेंब पडावा तसं. मान मागे टाकलेली, पापणी बोटाने ओढून धरलेली, छताचा दिवा धूसर झालेला, हे सगळं मला स्वच्छ आठवलं. मी उभ्या जन्मात डोळ्यांत औषध घातलेलं नाही. समोर शिसपेन लाल डोळे चोळत बसला होता. खिशातली छोटी बाटली काढून, हे काय आणि कशाचं, असं बघून त्याने परत ठेवून दिली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

लिहू की नको असं झालंय. पण जे आहे ते अचूक लिहायचं हा माझा बाणा, तेव्हा लिहितो.

ऑफिसचा जिना चढत होतो. एकाएकी चहाच्या खोलीत होतो. म्हणजे आठवण, पण कपाच्या चटक्यासकट. हात माझे नव्हते. तपासनीस बाईंचे होते. मी, म्हणजे बाई, हनुवटी वर करून, एक बोट हवेत नाचवत म्हणत होत्या, एकदम अचूक सांगायचं तर, मी दीडशहाणा नाही, एक पूर्णांक त्रेपन्न शतांश शहाणा आहे! सगळे फुटले. मालकांच्या नाकातून चहा आला. मग कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, मिनिटकाका आले, मिनिटकाका, आणि जो तो आपापल्या जागी पळाला.

मिनिटकाका. मला हे माहीत नव्हतं.

नक्कल हुबेहूब होती. मला कळलं, कारण ती माझ्याच तोंडून झाली होती. हसूही माझ्याच पोटातून आलं. मी जिन्यावर एकटा उभा राहून स्वतःला हसत होतो आणि कान जळत होते.

वर गेलो तर बाई मान खाली घालून पानं तपासत होत्या. मी मुद्दाम म्हटलं, एकदम अचूक सांगायचं तर आज उकडतंय. बाईंच्या तोंडावरची रेषा हलली नाही. त्यांना काही आठवतच नव्हतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

ही हसत नाही.

आज लक्षात आलं. आधी यायला हवं होतं. ही शिवते, स्वयंपाक करते, पुन्हा शिवते. मांजर खिडकीच्या कठड्यावर येऊन ओरडत होतं, हिने मान वर केली नाही. बहिणीचा फोन आला तर हिने विचारलं, काय काम होतं? बहीण म्हणाली असावी, काम कसलं, सहजच. हिने बरं म्हणून फोन ठेवला.

तक्ता काढायच्या आधी हिची फाईल पाहिली. बारीकसारीक नोंदी बंद. मी विचारलं, तुझ्या त्या चेष्टा कुठे गेल्या? ही म्हणाली, कसल्या?

आणि मी आज दिवसभर ऑफिसात एक चाल गुणगुणत होतो. बोटाच्या टोकाला अंगुस्ताना घातल्याचं जाणवत होतं. गच्चीवरच्या मांजराचा एक कान चिरलेला आहे हे मला माहीत आहे. मी ती गच्ची कधी धड पाहिलेलीही नाही.

हिचं आहे ते. हिचं सगळं माझ्या ओळीत आलंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज ती मिनिटं आली.

खिडकीशी उभा आहे. उभी आहे. खाली रस्त्यावरून एक माणूस येतोय, पिशवी छातीशी धरलेली, मान ताठ. चालता चालता दुकानाची वाकडी पाटी बघून नापसंतीने मान हलवतो. तो मी.

त्याला बघून हिच्या पोटात जे होतं ते लिहायला — लिहितो. राग नाही. भीतीही नाही. एक दमणूक. पाहुणे परत फिरतील असं वाटावं आणि ते जिना चढू लागावेत, तशी. मग ही आरशाशी जाते आणि चेहरा नीट करते. केस नव्हे, चेहरा. आज कशाचं कौतुक करायचं ते ठरवते. मग ओठ वर. मग माझी बेल.

हे एका दिवसाचं नाही. रोजचं होतं, एका दमात आलं. मला वाटायचं, हिचा चेहरा असाच आहे.

आज बेल वाजवली. दार उघडलं. चेहरा नीट केलेला नव्हता. नीट करायची मिनिटंच हिच्याकडे उरली नव्हती. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघून ही बाजूला सरली.

आणखी एक आलं. मी घरात नसताना ही टेबलाच्या कडेवरून, कोरलेल्या इंचांवरून बोट फिरवते. उगाच. गालात हसते. तेवढं खरं असतं.

तेही आता माझ्याकडे आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

फाईली उघडून बसलो. मूळ नोंदी नाहीत. मीच पुसल्या. प्रत नाही.

शिसपेनला सांगायचं ठरवलं. त्याला असल्या गोष्टीतलं कळतं. त्याच्या टेबलापाशी गेलो आणि खोडरबर मागून परत आलो. पुन्हा गेलो, पट्टी मागितली. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, काही बोलायचंय का? मी म्हटलं, छे, आकृतीतला बाण जरा तिरका आलाय.

बाण सरळ होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातला नियम काढून टाकला. मालकांनी विचारलं, शेपूट परत कसं उगवलं? मी म्हटलं, मशीन बिघडलंय. माझ्या कामात खोट निघाली हे शब्द जिभेवर येईनात. मालकांनी नवीन मशीन मागवलं.

जेवणाच्या सुट्टीत तपासनीस बाई हातात फोन धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, या वेळेला मी कोणाला तरी फोन करायचे हो, सवयीने हातात घेते आणि पुढे काही सुचत नाही. मला माहीत होतं कोणाला. मुलाला. तो दूर वसतिगृहात असतो. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, आई, मला इथे करमत नाही, तू उद्या नक्की कर हं. ते मला ऐकू आलेलं आहे. या कानांनी.

सांगायला तोंड उघडलं. पण सांगणार कसं? तुम्हाला काय माहीत, असं विचारलं तर? म्हटलं, सवयी बदलतात, बाई.

ती मिनिटं अजून माझ्याचकडे आहेत. दगड गिळल्यासारखी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एक मार्ग सापडला. घरचा नियम चालूच ठेवायचा, पण मोठी ओळ हिची होऊ द्यायची. मी रजा घेतली. आता माझ्या नावावर सलग काहीच नको. हिचं जे माझ्याकडे आलंय त्यातलं एकेक बसून पुन्हा आठवायचं, पंधराच्या आत, नोंद करायची, तोडायची. तक्ता काढला की ते माझ्याकडून गळेल आणि मोठ्या ओळीत, म्हणजे हिच्यात, जाऊन पडेल. बाकी दिवसही तुकड्यांतच काढायचा. आंघोळ, चहा, ही वही, सगळं.

पहिलं मांजर दिलं.

तक्ता काढला. ही उठली, खिडकी उघडली आणि गच्चीकडे बघून काहीतरी लाडाचं बोलली. मी विचारलं, कोणाशी बोलतेस? ही म्हणाली, अहो, मांजर.

कुठलं मांजर? वर वाचलं तेव्हा कळलं.

२७ नोव्हेंबर

बहीण दिली. सुई ओवणं दिलं. गुणगुणणं दिलं. हसणं दिलं — कशाचं होतं ते आता सांगता येणार नाही. ही जेवता जेवता हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला म्हणाली, तुम्ही का गप्प?

प्रोग्रॅम उघडून वाचला. बारा मिनिटं. काही सुधारता येतं का ते बघायला. तक्ता काढल्यावर पुन्हा उघडला तर नुसती अक्षरं. मी जे शिकलो ते असंच शिकलो होतो, दहा-दहा मिनिटं चोरून. गेलं.

आता ते बंद कसं करायचं तेही —

२८ नोव्हेंबर

खिडकीची मिनिटं द्यायची राहिलीत. देताना त्यांच्याबरोबर माझं बघणंही जाईल. मी बघितलं हे हिला कळेल.

दिवसभर बसून राहिलो. तुकडे करत.

दिली. शेवटी टेबलाच्या कडेवरचं बोटही दिलं. ते ठेवून घ्यावंसं वाटलं. पण हिचं होतं.

तक्ता काढल्यावर ही माझ्याकडे वळली. कितीतरी वेळ बघत राहिली. मी भिंतीकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर

सगळं देऊन झालं. थांबायला हवं. ऑफिसला जायला हवं. सलग बसायला हवं.

पण एक कळलंय. लाज वाटली, त्याचीही नोंद होते. ‘लाज, तीन मिनिटं.’ तोडायची. गळते. छातीवरचा दगड उचलल्यासारखं —

बाईंच्या मुलाचं होतं ते दिलं. काय होतं?

३० नोव्हेंबर

लाज, पाच मिनिटं. लाज, दोन.

हलकं वाटतंय.

हिचे कान लाल झालेत. ताप नाही. ही रस्त्याने चालताना मान खाली घालते म्हणे. पूर्वी घालत नसे. वाण्याकडे गेली आणि काही न घेता परत आली. म्हणाली, सगळे मला हसतायत असं वाटतं. मिनिटकाका, मिनिटकाका असं ऐकू येतं. कोण हो मिनिटकाका?

मलाही माहीत नाही.

१ डिसेंबर

वरची पानं वाचली. अक्षर माझं. म्हणजे हिच्या अंगावर जे आहे ते माझं — मीच ते —

आता लाज वाटली. नोंद केली. चार मिनिटं. तोडली.

वरची पानं वाचली. अक्षर माझं.

२ डिसेंबर

शिसपेन येऊन गेला म्हणे. कोण तो? हिने त्याची माफी मागितली. कसल्याशा बाणाबद्दल. मग बाईंना फोन केला, तुमच्या मुलाला फोन करा म्हणून सांगितलं. नंबर दोनदा अर्ध्यावर सोडला. पण केला.

माझ्याच्याने झालं नव्हतं, असं ही म्हणते.

हिला म्हटलं, माझं आहे ते, दे परत. ही म्हणाली, देते. घ्याल का?

३ डिसेंबर

वहीतली मागची पानं बघून लिहितो. घाईत. नोंद चालू आहे.

ही समोर येऊन बसली. कळेवरचा माझा हात उचलला, स्वतःच्या हातात धरला. म्हणाली, अहो, बसा इथे. माझ्याकडे बघत. उठायचं नाही, तोडायचं नाही. दोघांची मिळून एक नोंद. ती गळणार नाही. तिच्यात तुम्ही राहाल. उरलेलं मग एकेक सांगते.

चेहरा नीट केलेला नव्हता. सगळं होतं त्यावर. माझं. आणि तरी ती बघत होती.

मला मान वर करता —

नको म्हटलं. हात सोडवून घेतला. ही रडली नाही. म्हणाली, मी मागत्येय तरी किती? आयुष्य नाही. दिवस नाही. सलग पंधरा मि